दुसरीचा आवाज

बावीस वर्षं फिरत्या नाटक कंपनीत काढल्यावर मी बारामतीत स्थायिक झालो आणि एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी नाटकाचा वर्ग सुरू केला. १९९४ साली त्या वर्गात कळस गावची सारजा आली. तिच्या घरची मेंढरं केव्हाच विकली होती, पण लहानपणी माळावर त्यांना हाका मारून तिचा आवाज तयार झाला होता. पहिल्या दिवशी ती एक वाक्य बोलली आणि बाहेर सायकल लावणारा माणूस आत डोकावला.

मी शिकवायचो ते साधंच होतं. प्रेक्षकांकडे उगाच पाठ करायची नाही. दुसऱ्याच्या पुढे उभं राहून त्याला झाकायचं नाही. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं, तरच वाक्य बोललं असं समजायचं.

दुसऱ्या वर्षी कुणी सिनेमावाले पिंपळीच्या उसात चित्रीकरणाला आले. त्यांना भावाच्या प्रेताजवळ बसलेली बहीण हवी होती. चारच वाक्यं होती. मी सारजाचं नाव दिलं.

पंधरा दिवस मी तिला कॅमेऱ्यासाठी तयार केलं. पुठ्ठ्याची चौकट तिच्या तोंडासमोर धरून म्हणालो, "एवढंच दिसणार आहे. हातवारे वाया जातील. जे काय आहे ते डोळ्यांत."

"आन् आवाज?"

"भाऊ हाताच्या अंतरावर आहे. त्याच्याशी बोल, गावाशी नको."

एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी घेतात, म्हणून पदर कुठल्या खांद्यावर होता हेसुद्धा लक्षात ठेवायचं, हे तिनं चटकन उचललं.

चित्रीकरणाच्या दिवशी ती इतकं हळू आणि इतकं खरं बोलली, की दिवा धरलेल्या माणसानं मान फिरवली. पण कॅमेऱ्याची घरघर मला ऐकू येत होती. त्या घरघरीत मिसळलेला तिचा आवाज ठेवणार नाहीत, नंतर मुंबईत पुन्हा भरतील, हे मला ठाऊक होतं.

सारजा धावत आली. "मास्तर, आवाज नीट गेला का?"

तिच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगवेना. "गेला," म्हणालो. वाटलं, आवाज भरायला तिलाच बोलावतील. तसं सिनेमावाल्यांना सांगणारी दोन पत्रंही मी पाठवली. उत्तर आलं नाही.

वर्षभरानं सिनेमा इंदापुरात लागला. दुपारच्या खेळाला कळसहून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली. सारजाचं तोंड पडद्याएवढं दिसलं तसा शिट्ट्यांचा कल्लोळ झाला. मग तिचे ओठ हलले आणि त्यांतून भलतीच कोणीतरी शहरातली मुलगी बोलली. बारीक, नाजूक, घासूनपुसून काढलेला आवाज. शिट्ट्या थांबल्या. मागून कुणीतरी हसलं.

तिची आई भागूबाई अंधारातच म्हणाली, "ही कोण बोलतीया? सारजे, तुजा आवाज वंगाळ व्हता का गं?"

बाहेर उन्हात आल्यावर सारजानं मला गाठलं.

"तुमाला ठावं व्हतं?"

"होय."

"समदं शिकिवलंत. पदर कुटं ठेवायचा ते बी. ह्येच का न्हाय सांगितलं?"



ती त्यानंतर दोन रविवार वर्गात आली. मी तिला स्पर्धेच्या नाटकातली मोठी भूमिका दिली होती. ती जागेवर नीट उभी राहिली, वळली, थांबली, सगळं बिनचूक. पण तिसऱ्या रांगेत बसलेल्या मला शब्द ऐकू येईनात. "मोठ्यानं, सारजा," मी म्हणालो. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग संहिता टेबलावर ठेवली.

"न्हाय निगत, मास्तर. त्वांड उगडलं की तीच ऐकू येती."

पुढच्या रविवारी ती आली नाही. महिन्यानं मी कळसला गेलो. तिचे वडील बिरदेव ओट्यावर बसले होते. त्यांनी चहा दिला, पण तिला बाहेर बोलावलं नाही.

"सोयरीक जमलीया तिची," ते म्हणाले. "आता नाटकाचं काडू नगा. घरात बी गप असती. आमी इचारलं तर मान हालवती."

मी म्हणालो, चूक माझी आहे, तिला एवढं तरी सांगा.

"सांगून काय व्हनार?" बिरदेव म्हणाले आणि रिकामी कपबशी उचलून आत गेले.