निळ्या रेघेतली बोरमाळ

"हे कुणाला पटायचं न्हाय," म्हणत सिदूआबांनी नातीच्या लॅपटॉपवर बोट टेकवलं. "पण ही निळी रेघ जितं जमिनीला लागलीया की, तितनं ती मी उचलली."

"आबा, बोट काढा. डाग पडतो."

ऋतुजाला उद्या कॉलेजात भारत आणि श्रीलंका यांच्या परकीय चलनाच्या गंगाजळीची तुलना मांडायची होती. निळी रेघ भारताची, लाल श्रीलंकेची. निळी एक्क्याण्णव साली पार तळाला होती; सरकारनं सोनं विमानात घालून परदेशी गहाण धाडलं, ते साल. पुढं ती चढतच गेलेली. लाल मात्र जरा वर जाऊन दोन हजार बावीसला खाली कोसळली होती.

"त्यांच्याकडं सिदू न्हवता," आबा म्हणाले.

जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटच्या फरशीवर बसून म्हाळसाबाई गावाकडनं, सांगोल्याहून आलेली डाळिंबं सोलत होत्या. देश अडला तेव्हा सिदूनं बायकोची बोरमाळ नेऊन दिली, ही गोष्ट त्यांनी दर लग्नाकार्यात ऐकली होती. गावाकडच्या बायका अजून त्यांना 'देशाची सावकारीण' म्हणून चिडवत. त्या नुसत्या हसत.

"आजी, ही गोष्ट मी शेवटी सांगणार," ऋतुजा म्हणाली. "तुझा फोटो लावते. खाली लिहिते, हिनं आपली बोरमाळ देशाला दिली."

म्हाळसाबाईंचा हात थांबला.

"त्ये गहाण टाकल्यालं सुटलं का गं?"

"हो की. त्याच वर्षी."

"मग माजी?"

ऋतुजानं आबांकडं पाहिलं. आबांनी मांडी सावरली.

"ऐक. बोरमाळ फडक्यात बांदली, कमरंला खोवली. दुधनीत काशम्माच्या खानावळीत चार घास खाल्लं, तितनं गाडी धरली ती थेट मुंबई. बँकेचा मोठा सायब दारात उबा. बोरमाळ हातात घिऊन म्हणतो, सिदूराव, ह्यो काळा दोरा कसला? म्हणलं, आमच्या मेंढीच्या लोकरीचा. बायकूनं सवता वळलाय. सायबाच्या डोळ्यात टचकन पाणी. म्हणला, बाकीचं सोनं जाऊ दे विमानानं, ही मी हितंच ठिवतो, जिवापाड."

"दोऱ्याचं पण घालते," टाइप करता करता ऋतुजा हसली. "लई भारी आहे ते."

"घालू नको."

म्हाळसाबाईंनी पदराला हात पुसले. बोटं लालच राहिली.

"फोटूबी लावू नको माजा."

"अगं, का?"

आबा पाणी प्यायला उठू लागले.

"बसा की," म्हाळसाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सांगोल्यास्नं मुंबई मावळतीला. दुधनी उगवतीला."

आबा अर्धवट उठलेले, तसेच परत टेकले. ऋतुजाची बोटं थांबली.

"तुमचा त्यो बँकेचा सायब मी बगितलाय," म्हाळसाबाईंनी पुढचं डाळिंब हातात घेतलं. "दुधनीच्या खानावळीत भाकरी थापत हुती. गळ्यातला दोरासुदीक बदलला न्हवता तिनं."