राजाची अडीच घरं

पोलादपूरच्या स्पर्धेत भिकाजींनी पुण्याच्या यशराजला हरवलं, ही बातमी भिकाजींच्या आधी महाडला पोचली. यशराज बावीस वर्षांचा, राज्यभर स्पर्धा जिंकत फिरणारा, दोन हजारांच्या वर रेटिंग असलेला. भिकाजी त्रेसष्ट वर्षांचे, औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात तिन्ही शिफ्टा करून निवृत्त झालेले. त्यांचं रेटिंग कुणी काढलेलं नव्हतं. ते एसटीतून उतरले तेव्हा स्टँडवर त्यांचा मित्र सहदेव झेंडूचा हार घेऊन उभा होता. हार ओला होता, त्यामुळे शर्टावर पिवळा डाग पडला. तो डाग त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी दोन धुण्यांत काढला. दुसरा एक होता, त्याची त्यांना कल्पना नव्हती.

सदूच्या सायकल दुकानापुढच्या फळीवर रोज दुपारी चार वाजता बुद्धिबळाचा पट मांडला जातो. तिथे दोन कायदे चालतात. पहिला म्हणजे राजाला एकदाही शह बसला नसेल, तर त्याला संपूर्ण डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. हा कायदा वाडवडिलांपासून आलेला आहे आणि पुस्तकात तो नसेल तर पुस्तक चुकलं, असं फळीचं मत आहे. दुसरा कायदा भिकाजींनी आणला, हात लागला तो मोहरा चालायचा. एकदा माशी हाकलताना सहदेवची करंगळी वजिराला लागली. भिकाजींनी वजीर चालायला लावला, आणि पुढच्याच चालीला तो स्वतःच मारला. सहदेव आठ दिवस बोलला नाही. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, त्याला गप्प बसायची सवय नव्हती, म्हणजे राग केवढा असेल बघा. पण नवव्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "कायदा तो कायदा. पन माशीला बी सांगून ठेव, भिकाजी."

त्या फळीवर भिकाजींची इज्जत होती ती एवढीच. खेळात सदू त्यांच्यापेक्षा बरा होता. पण कुठे वाद झाला की सगळे त्यांच्याकडे बघायचे.

स्पर्धेच्या सकाळी पंचांनी नियम वाचून दाखवले. खेळाडू मोबाइल बघत होते. भिकाजी एकटे कान देऊन ऐकत होते. समोरच्याने चुकीची चाल केली, तर आपली चाल करण्याआधी हरकत घ्यायची. एकदा आपली चाल केली की मागची चूक कायम. मात्र दोन्ही खेळाडूंना मान्य असेल तर डाव दुरुस्त करता येईल. भिकाजींनी हात वर केला.

"सर, राजाची अडीच घरं?"

हॉलमध्ये हसू फुटलं. पंचही हसले. "नाही काका. इथे राजा एकच घर चालतो."

"विचारून घेतलेलं बरं," असं म्हणून भिकाजी खाली बसले. तेव्हा पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं म्हणायची सोय त्यांनी सकाळी साडेनऊलाच स्वतःच्या हाताने बंद केली होती.

तिसऱ्या फेरीत समोर यशराज आला. वाकून नमस्कार केला आणि विसाव्या चालीपर्यंत भिकाजींचा पार चुराडा केला. वजीर राजाच्या अंगणात येऊन उभा राहिला. पुढच्या चालीला मात होती, आणि ती कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनलासुद्धा दिसली असती. पण यशराजच्या घड्याळात सोळाच सेकंद उरले होते.

भिकाजींच्या राजाला अजून एकदाही शह बसलेला नव्हता. पन्नास वर्षांची सवय असलेला हात पुढे गेला, त्याने राजा उचलला, प्याद्यांच्या डोक्यावरून अडीच घरं पलीकडे ठेवला आणि घड्याळ दाबलं. घड्याळ दाबता दाबता भिकाजींना कळलं. तोंड उघडायला एक क्षण होता. तेवढ्यात यशराजने आधीच ठरवलेली चाल धाडकन केली. वजीर मागच्या ओळीत नेऊन ठेवला, घड्याळ दाबलं आणि मात झाली म्हणून हात मिळवायला पुढे केला.

तिथे राजा नव्हता. राजा उठून गेल्याने मागची ओळ मोकळी झाली होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला भिकाजींचा हत्ती उभा होता.

यशराजचा हात हवेतच राहिला. त्याने पटाकडे पाहिलं. मग मान वर करून भिकाजींकडे पाहिलं, आणि बघतच राहिला.

भिकाजींनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. आधी एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. घड्याळ त्यांचंच पळत होतं आणि त्यांच्याकडे सहा मिनिटं होती. चष्मा घातला, हत्तीने वजीर मारला. काही सेकंदांनी यशराजने आपला राजा आडवा केला. "छान, काका," म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

दोन दिवसांत सदूच्या दुकानावर फ्लेक्स लागला. 'महाडचे बुद्धिबळरत्न भिकाजीराव यांचे हार्दिक अभिनंदन.' फोटो निवृत्तीच्या समारंभातला होता. त्यात भिकाजींनी हात जोडले होते आणि मान जराशी खाली होती. एरवी तो नमस्कार वाटला असता. भिकाजींना मात्र रोज दूध आणायला जाताना, आपण भर रस्त्यात आठ फूट उंचीचे होऊन माफी मागतोय, असं वाटायचं. त्यांनी दूध लांबच्या दुकानातून आणायला सुरुवात केली.

"अहो, जवळचा दूधवाला मेला का?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"पाणी घालतो."

"त्या लांबच्याचं काय, गंगेवरून येतं?"

रविवारी सकाळी फळीपुढे खुर्च्या मांडून सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला. सहदेव अर्धा तास बोलला, त्यातली वीस मिनिटं माशीची. "ज्यांनी माझा वजीर सोडला नाय, त्यांनी पुण्याचा तरी का सोडावा?" लोक हसले. भिकाजींना शाल टोचायला लागली. बोलायची पाळी आली तेव्हा त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं.

"मी जिंकलो नाही. माझा राजा अडीच घरं उडाला. तिथे तसं चालत नाही, हे मी सकाळीच विचारून घेतलं होतं. मला कळलं, आणि मी बोललो नाही."

भिकाजींना बरं वाटलं. आता शिव्या पडतील, फ्लेक्स उतरेल, उद्यापासून जवळचं दूध.

सदूने विचारलं, "त्या आधी शह बसला होता का?"

"नाही."

"एकदाच उडाला ना?"

"एकदाच."

"मग? हक्क हाय राजाचा तो."

"पुन्यात नसंल अडीच घरं," सहदेव म्हणाला, "त्यांच्याकडं जागाच कमी." आणि टाळ्या पडल्या, सत्काराला पडल्या होत्या त्याहून मोठ्या. कायद्यासाठी भांडून आला म्हणून कुणीतरी आणखी एक शाल आणली. दोन शाली पांघरून भिकाजी घरी आले तेव्हा घामाने ओलेचिंब झाले होते.

मंजुळाबाईंनी दोन्ही शालींच्या घड्या केल्या. "तुमच्या ह्या लोकांना सांगून काय उपयोग? ज्याचा वजीर, त्याला सांगा."

स्पर्धेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नंबर होता. भिकाजींनी जेवायच्या आधी फोन लावला. आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, राजा सांगितला.

"मला दिसलं होतं, काका," यशराज म्हणाला. "माझी चाल झाल्यावर दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"माझी चाल झाली होती. हरकत घेता येत नव्हती." तो म्हणाला. "दोघांना मान्य असलं तरच दुरुस्ती. तुम्ही सकाळी एवढं लक्ष देऊन नियम ऐकत होतात. मला वाटलं, तुम्ही बोलाल."

भिकाजी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, "चष्म्यावर वाफ आली होती." त्या हॉलमध्ये चार पंखे होते. यशराज म्हणाला, "हो काका." आणि त्याच्या आवाजात जी सभ्यता होती, तिच्यामुळे भिकाजींना जेवण गेलं नाही.

चार वाजता ते फळीवर गेले. न जाणं म्हणजे तेच पुन्हा सांगण्यासारखं झालं असतं. समोर सहदेव होता. सदू आत पंक्चर काढत होता आणि भिकाजी फ्लेक्सकडे पाठ करून पायाखालच्या फरशीकडे बघत होते. पटाकडे सहदेवशिवाय कुणाचंच लक्ष नव्हतं. सहदेवने उंटाला हात लावला, विचार बदलला, हात मागे घेतला आणि घोड्याकडे नेला.

मग तो थांबला.

"लागला रे हात," तो आपणहून म्हणाला, आणि उंट उचलून एकुलत्या मोकळ्या घरात, भिकाजींच्या प्याद्याच्या तोंडी मरायला ठेवला. "मार. कायदा तो कायदा."

भिकाजींना तो मारावा लागला.