सुपारी फुटली हळदीची

मी जेठा गड्डा बोलतोय, हळदीचा. हळकुंडं सगळ्यांना ठाऊक, पण ती ज्याच्या अंगाला फुटतात त्या गड्ड्याला कोण विचारतो? बियाणं म्हणून मला पुरतात, तेव्हा कुठे पुढची हळद उगवते.

बोर्ली पंचतनच्या काशीच्या वाडीत, पोफळींच्या सावलीत मी वाढलो. पण त्या साली सगळ्यांची हळद एकदमच बाजारात आली नि भाव आपटला. काशी अशी भडकली! "पुढल्या साली हळद लावायचीच न्हाय. बियाणंबी उकडून विकून टाकते," म्हणत तिने काहिलीखाली जाळ घातला. टोपलीत सगळ्यांत वर मीच. काहिलीत पहिली उडी माझीच ठरलेली.

तेवढ्यात तिची सून रुचिका धावत आली. गावच्या शेतकरी कंपनीत ती कामाला आहे.

"आई, थांबा! पुढच्या हळदीचा भाव कंपनी वायदे बाजारात आत्ताच बांधून ठेवणार आहे. सगळ्या वाड्यांचा मिळून."

"काय गो, लावलीच न्हाय ती हळद विकणार?"

"भाव तेवढा आज बांधायचा. काढणीला इथे पडला, तर वायद्यात सुटतील त्या पैशांनी तूट भरून निघेल. चढला तर मात्र वरचा फायदा आपला नाही."

काशीने जळतं लाकूड मागे ओढलं. "म्हंजे सुपारी फोडायची. मागाहून कितीबी चांगलं स्थळ येवो, हळहळायचं न्हाय."

"अगदी तसंच!"

मग काय, बाई हट्टालाच पेटली. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं नि अडकित्त्याने खरोखरची सुपारी फोडली. रुचिका हसून हसून बेजार. हसा लेको! मला मात्र गहिवरून आलं.

पावसाच्या तोंडावर मला लावलं. माझ्या अंगाला नवे गड्डे धरले, त्यांना हळकुंडं फुटली. काढणी झाली आणि मेला भाव पुन्हा पडला. काशीचा नवरा रावजी काहिलीशी घुटमळत म्हणाला, "बियाणंबी घालू काय यात?"

"हात लावू नका बियाण्याला," काशी म्हणाली. "वायद्याची भर आलीया. औंदा शेजारची पडीक वाडीबी लावायची हाय."

माझी लेकरं आता बियाणं म्हणून आंब्याखाली गारव्यात, पाल्याखाली निजलीत. मी जुना, सुरकुतलेला. आज काहिलीत जायची पाळी माझी. घाला जाळ, उकडा खुशाल. मला आता कसली भीती?