पेनरी कप्तानाचं शेवटचं पान

धारूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय, असं मी यांना तीस वर्षं विचारत आले. आमचे हे, मुंजाजी गुरुजी, शाळेतून रिटायर झाले तरी अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचं चरित्र लिहीत होते. कप्तान पेनरी. बाराव्या वर्षी जहाजावर चढला, फ्रेंचांशी लढताना तीन बोटं गमावली, वादळातून दोनशे माणसं जिवंत आणली. रोज संध्याकाळी हे मला वाचून दाखवायचे, मी भाकरी थापत ‘हूं’ म्हणायचे. यापेक्षा सवत परवडली, असं वाटायचं.

शेवटी कप्तान म्हातारा झाला, अर्ध्या पगारावर घरी बसला. नवं जहाज मिळाल्याचं पत्र येईल म्हणून नऊ वर्षं रोज बंदरावर जायचा. ते ऐकून मी पहिल्यांदाच आपणहून विचारलं, “आलं का मग पत्र?”

हे लई हरखले. “शेवटचं पान ऱ्हायलंय. उद्या सांगतो, सत्यशीला.”

पहाटे हे उठलेच नाहीत.

आवडीची वस्तू माणसाबरोबर द्यावी, म्हणून चरित्राच्या अकराही वह्या मी चितेवर ठेवल्या. खरं सांगते, त्यात मायेपेक्षा राग जास्त होता.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड मांडला. मागं राहिलेली इच्छा कुणीतरी पुरी करतो म्हटल्याशिवाय कावळा शिवत नाही. कावळे बाभळीवर बसून होते, खाली एकही येईना. दीर भागवतभाऊजी म्हणाले, “पोरीचं, सायलीचं लगीन आमी थाटात लावू.” काही नाही. माझा लेक अंगद बापाच्या पिंडाला म्हणाला, “दादा, आईला मी सांभाळतो.” तरी नाही.

मग अंगद माझ्याकडं वळला. “आई, पुस्तक छापतो म्हणू का? वह्या कुठं हायत?”

मला रडूच फुटलं. “जाळल्या रे मी.”

मी पिंडासमोर बसले आणि पहिल्या पानापासून सांगू लागले. जहाज, लढाई, बोटं, वादळ. सगळं तोंडपाठ निघालं, मलाच माहीत नव्हतं. बंदरावरच्या नऊ वर्षांपाशी येऊन थांबले.

ऊन डोक्यावर आलं. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि माणसं अंघोळीला उठली.

“जावा आता,” मी म्हणाले. “पण पत्र आलं का, तेवढं सांगून जायचं व्हतं हो.”