सदतिसांचा एक ठिपका

“एका ठिपक्यासाठी अख्खी गाडी डोंगरावर पाठवायची? नेवेन्काबाई, पेट्रोल काय आकाशातून पडतं?”

इस्पितळाचे संचालक डॉ. उर्शिच यांनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. नेवेन्का कोबाल मनातल्या मनात दहापर्यंत मोजू लागली. एकतीस वर्षं इस्पितळात तिचं काम एकच होतं. नोंदींच्या ढिगाऱ्यात हात घालायचा आणि जे सापडेल ते साहेबांना एका नजरेत कळेल असं चित्रात मांडायचं. आजच्या नकाशावर दर रुग्णामागे एक ठिपका होता. डोंगरातल्या म्हाताऱ्यांचं रक्त तपासायला दर बुधवारी गाडी जायची. तिच्या कोणत्या फेऱ्या बंद करायच्या, ते अकरा वाजता समिती ठरवणार होती.

“साहेब, गोर्नी लाझला एक ठिपका दिसतो, पण तिथे सदतीस माणसं आहेत. एकावर एक.”

“एकावर एक? सर्कस आहे का?”

“अहो, त्या गावात रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता म्हणजे गाव आणि घर नंबर. यंत्राला नुसत्या नंबरावरून घर सापडत नाही, म्हणून त्याने सगळ्यांना चर्चच्या घंटाघरावर नेऊन ठेवलंय.”

“मग वेगळे करा की!”

तिने केले. ठिपके थोडे थोडे हलवले, तसा घंटाघराभोवती दाट पुंजका उमटला. साहेबांनी चष्मा वर सरकवला.

“हा ओढ्यात कोण राहतो? आणि हे तिघं जंगलात?”

“तिथे राहत नाहीत ते. दिसावेत म्हणून हलवलेत. खाली तसं लिहिलंय.”

“म्हणजे खोटं चित्र!”

नेवेन्काने कपाळाला हात लावला. सदतीस माणसांचा एक माणूस झाला होता, तोवर चित्र खरं होतं. ती वेगळी दिसू लागली आणि खोटं ठरलं! तिने मुकाट्याने ठिपके पुसले आणि माणसांच्या संख्येच्या मानाने एकच मोठा गोळा काढला.

“बापरे, केवढा हा! समितीला वाटेल साथ आली. पहिलंच राहू द्या, स्वच्छ दिसतं.”

“निदान शेजारी सदतीस एवढा आकडा तरी लिहिते.”

“आकडे कोण वाचतं, बाई? चित्र कशाला काढतो मग आपण?”

हातातला पावाचा तुकडा संपवत साहेब बैठकीला गेले. नेवेन्काचं डोकं असं भणभणलं की कॉफी निवून गेली तरी तिला कळलं नाही. बाराच्या आत निरोप आला: गोर्नी लाझची फेरी बंद, पुढचा बुधवार शेवटचा. गावात सूचना लावायला कोणी तयार होईना, तेव्हा साहेब म्हणाले, “चित्र तुमचं, तुम्हीच जा.”

बुधवारी ती गाडीतून गेली. गाडी वळवायला जागा फक्त घंटाघरापाशी होती, त्यामुळे सगळे तिथेच भिंतीला टेकून, खांद्याला खांदा लावून उभे होते. निळे एप्रन घातलेले म्हातारे, डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या. यंत्र अगदीच चुकलं नव्हतं म्हणायचं! तिला हसावं की रडावं कळेना.

तिने फळ्यावर सूचना लावली. मग पर्समधून तो ठिपके हलवलेला नकाशा, पुन्हा करून छापून आणलेला, काढला आणि सूचनेशेजारी डकवला. लोकांनी सूचना वाचली. लोव्रेन्त्स आजोबा तेवढे काठी टेकत पुढे आले. आता तपासणीसाठी त्यांना दोन बस बदलून खाली शहरात जावं लागणार होतं, ते त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं.

“हे काय गं, पोरी?”

“तुम्ही सगळे, आजोबा. एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस.”

“ह्यातला मी कुठला?”

“घर नंबर काय तुमचा?”

“बावीस.”

तिने यादी बघितली, नकाशावर बोट ठेवलं. आजोबा वाकून बराच वेळ बघत राहिले.

“मी ओढ्यात?”

“घंटाघरापाशी जागा नव्हती. दिसावेत म्हणून जरा हलवलं तुम्हाला.”

“असू दे, असू दे. पण आहे ना मी?”

“आहात.”

त्यांनी मान डोलावली, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि परत रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले.