अभेद्य बिघडतो तो अंक

"अभेद्यला व्हिलन करायचं," असं प्रकाशकांनी फोनवर सांगितलं तेव्हा शेफाली ठोंबरे दूध तापवत होती. फोन संपेपर्यंत दूध उतू जाऊन शेगडी विझली होती.

अभेद्य हा तिच्या कॉमिकचा नायक. त्याच्याकडे शक्ती एकच होती. तो ज्याच्याभोवती हात फिरवी त्याच्याभोवती एक न दिसणारी भिंत उभी राही, आणि मग आग असो, पूर असो, गोळी असो, काहीही आत शिरू शकत नसे. मराठीत कॉमिक वाचतंय कोण, असं विचारणाऱ्यांना या मालिकेनं गप्प केलं होतं. पण अलीकडे खप थबकला होता आणि वाचकांना धक्का हवा, असं प्रकाशकांचं मत पडलं होतं.

"कारण तुम्ही शोधा," ते म्हणाले. "पटेल असं."

चित्रं फैझल काढायचा. मोमीनपुऱ्यात त्याचं जुनं घर होतं, खाली वडिलांचं पाट्या रंगवण्याचं दुकान. शेफाली तिथं जाऊन बसली आणि तिनं एकेक कारण त्याच्यापुढे टाकलं.

"त्याची बायको मरते."

"आमच्या गल्लीतल्या कितीतरी चाचांच्या बायका गेल्या. कोणी शहर पेटवलेलं ऐकलं नाही."

"लोक त्याच्यावर खोटा आळ घेतात. मग तो सूड घेतो."

"म्हणजे तो आधीपासूनच नीच होता, फक्त निमित्त मिळत नव्हतं."

"बरं, आकाशातून एक दगड पडतो, त्याच्या किरणांनी डोकं फिरतं."

"मग दोष दगडाचा. मी दगड काढतो, तू सुट्टी घे."

शेफाली चिडून उठली. खरं तर तिलाच अभेद्यचं वाटोळं करायचं नव्हतं, कारण तो तिनं डोळ्यांनी पाहिला होता.

सदाशिव पेठेत ती जिथं भाड्यानं राहायची त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रंगराव जगदाळे राहायचे. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, एकटे, मोजकं बोलणारे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिसऱ्या मजल्यावर मुलींच्या खोलीत गॅसची नळी पेटली. सगळे खाली पळत असताना रंगराव ओलं घोंगडं पांघरून वर गेले आणि यवतमाळहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या सृष्टीला खांद्यावर टाकून घेऊन आले. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. "पोरीला आधी पाणी द्या," एवढंच ते म्हणाले. अभेद्य त्या दुपारी जन्मला. फैझलनं त्याला चेहराही रंगरावांचाच दिला. रुंद जबडा, जाड भुवया, फक्त वय कमी.

त्यानंतर सोसायटीनं त्यांना एकमतानं चेअरमन केलं. त्यांनी मुलींच्या खोल्यांतले सिलिंडर काढायला लावले. ते योग्यच होतं. मग त्यांच्या इंडक्शनच्या शेगड्याही गेल्या. गच्चीला कुलूप लागलं. प्रत्येक घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे जमा झाली. मागच्या जिन्यात सिगारेटची थोटकं सापडली तेव्हा तिथं लोखंडी जाळीचं दार बसलं आणि त्याचीही किल्ली त्यांच्याच खिशात गेली. प्रत्येक मीटिंगमध्ये कोणी ना कोणी म्हणायचं, "काका सांगतायत म्हणजे बरोबरच असेल." एकदा शेफाली बाहेरून आली तर रंगराव जिन्यात भेटले. "तुमचा चार्जर काढून ठेवलाय. बटण चालू राहिलं होतं," ते म्हणाले. आपल्या मागे हे घरात येऊन गेले, हे तिला खटकलं. पण तोंडून निघालं ते "थँक यू, काका."

प्रकाशकांच्या फोनला आठवडा झाला असेल. रंगराव भाच्याच्या मुलाच्या बारशाला खडकवासल्याला गेले होते. दुपारी पुढच्या जिन्याखालच्या मीटरबॉक्समधून धूर निघाला आणि बघता बघता जिना काळाकुट्ट झाला. माणसं मागच्या जिन्याकडे धावली. तिथं जाळीच्या दाराला कुलूप. पहिल्या मजल्यावरच्या गोदाबाई पदर तोंडाला लावून खोकत भिंतीला टेकल्या. शेफाली रंगरावांना फोन लावत राहिली. बारशाच्या गोंगाटात त्यांना तो ऐकू येत नव्हता. मागून कोणीतरी "सरका, सरका" म्हणत आलं. सृष्टी होती. गोदाबाईंच्याच स्वयंपाकघरातला वरवंटा दोन्ही हातांत धरून तिनं कुलपावर घाव घालायला सुरुवात केली. कुलूप चांगलं दणकट होतं. ते तुटलं तेव्हा तिच्या तळहातांची सालटी निघाली होती.

सगळे सुखरूप बाहेर पडले. बंब आला, आग विझली, गोदाबाईंना अँब्युलन्समध्ये बसवून ऑक्सिजन लावला. तेवढ्यात रंगरावांची स्कूटर गल्लीत शिरली. रस्त्यावर उभ्या माणसांवरून त्यांनी एक नजर फिरवली आणि ते तडक इमारतीच्या मागे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तुटलेलं कुलूप होतं.

"हे कोणी तोडलं?"

माणसं थोडी मागे सरली.

"मी तोडलं जी, काका," सृष्टी म्हणाली.

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही इथं नव्हते."

"म्हणून तोडायचं? उद्या कोणीही येईल, कोणीही जाईल. मग काही झालं तर जबाबदार कोण?"

गोदाबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "रंगराव," त्या धाप लागलेल्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही आत होतो हो."

रंगराव त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचं लक्ष सृष्टीच्या रक्ताळलेल्या हातांकडे गेलं. ते फुटपाथच्या कडेला बसले.

शेफालीनं पुढच्या चार दिवसांत अंक लिहून काढला. त्यात ना कोणी मरत होतं, ना आकाशातून काही पडत होतं. अभेद्य एका पुरातून शहर वाचवतो, लोक त्याला डोक्यावर घेतात आणि पुन्हा कोणाला ओरखडाही उठू नये म्हणून तो साऱ्या शहराभोवती भिंत घालतो. आत हवा विरळ होत जाते. एक मुलगी भिंत फोडते आणि तो गरजतो, "ही कोणी फोडली?"

फैझलनं वाचलं. या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

"पटतंय," तो म्हणाला. "पण चेहरा त्यांचाच आहे."

"बदल मग."

"इतके अंक वाचकांनी पाहिलेला चेहरा आता बदलू? तू त्यांना दाखवून ये. नाही म्हणाले तर दुसरं काहीतरी लिही."

तिला जायचं नव्हतं, पण गेली. रंगरावांनी चेअरमनपद सोडल्याचं सोसायटीला कळवलं होतं आणि ते फारसे बाहेरही पडत नव्हते. त्यांनी चष्मा लावून पानं वाचली. एक पान उलटून पुन्हा मागं गेले.

"हा मी."

"हो, काका. सुरुवातीपासून तुम्हीच होता. आधी सांगायला हवं होतं."

"आधीचे अंक वाचलेत मी. सृष्टीनं आणून दिले होते. तेव्हा आवडलं होतं मला," ते म्हणाले. "नोकरीत बरं असतं बघा. आग विझली की लोक आपल्याला विसरतात. गाडीत बसायचं, परत यायचं. इथं तुम्ही विसरला नाहीत. दोन वर्षांत मला एकानंही नाही म्हटलं नाही. तुम्हीसुद्धा."

"चार्जरचं मला आवडलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आगीत गेला होता," शेफाली म्हणाली.

"तेच तर. मलाही तेच वाटायचं. आगीत मी गेलो होतो, मग यांनी ऐकायला नको?" त्यांनी पानं एकावर एक सारखी करून तिच्या हातात दिली. "छापा. पुढच्या अंकात सुधारतो का हा?"

"अजून ठरवलं नाही."

"लगेच सुधारू नका. खोटं वाटेल. मी किल्ल्या सगळ्यांना परत दिल्यात, पण वरच्या मजल्यावर काही पडल्याचा आवाज आला की अजून हात खिशाकडे जातो."

अंक छापून आला. काही वाचक भडकले, काहींनी लिहिलं की हा कसला व्हिलन, हा तर आमच्या वडिलांसारखा वागतो. प्रकाशक खूश नव्हते आणि नाराजही नव्हते. त्याआधीच सृष्टी तळहातांना पट्ट्या बांधून पूर्वपरीक्षा देऊन आली होती. उत्तरपत्रिकेतले गोळे रंगवताना फार त्रास झाला म्हणाली.

पुढच्या मीटिंगला रंगराव मागच्या खुर्चीवर येऊन बसले. मीटरबॉक्स नवा बसवायचं ठरलं. मग त्यांनी हात वर करून सुचवलं की मागच्या जिन्यात निदान एक कॅमेरा तरी असावा.

"नको," गोदाबाई म्हणाल्या.

रंगरावांनी तोंड उघडलं, मिटलं. चहा आला, कप फिरले, विषय पाण्याच्या टाकीवर गेला. "बरं," ते म्हणाले, तेव्हा त्यांच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.