न भरलेल्या सभा

ही गोष्ट २०२२ सालची. आदल्या वर्षी आमची ग्रामपंचायत बिनविरोध झाली होती. बिनविरोध म्हणजे बापूसाहेबांनी नऊ नावं सांगायची आणि बाकीच्यांनी अर्ज मागे घ्यायचे. आमच्या बौद्ध वस्तीच्या राखीव जागेवर त्यांनी माझ्या भाच्याची बायको करुणा बसवली. कमी बोलते, म्हणून.

पंचवीस वर्षांपूर्वी मीही सदस्य होते. शिपाई म्हस्कू सभेचं बुक घेऊन दारात यायचा, मी चुलीपुढून उठून सही करायची. पाच वर्षं केली. कशावर केली, ते आजही सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू, चहा पिताना म्हस्कू गावभरच्या गमती सांगायचा, ते मला आवडायचं.

त्या मे महिन्यात तोच म्हस्कू करुणाकडे आला. ठराव होता, नव्या गोडाऊनला आमच्या स्मशानभूमीतून रस्ता द्यायचा. माझ्या भावाला, म्हणजे तिच्या सासऱ्याला, वर्षापूर्वी तिथंच अग्नी दिला होता. करुणा म्हणाली, सभेत येऊन बोलते.

म्हस्कू हसला. "सूनबाई, सभा बुकातच भरती. तुमी सही करा, झाली सभा."

"मंग मी हापिसात जाऊन बसते."

जूनपासून दर महिन्याला सभेच्या तारखेला ती पंचायतीच्या पायरीवर बसायला लागली. सोबतीला मी. ऑफिसला कुलूप असायचं. बुक बापूसाहेबांच्या घरी आणि सह्या घरोघर. येणारे-जाणारे विचारायचे, "आमदारीणबाई, अधिवेशन कवा सुरू व्हतंय?"

एकदा बापूसाहेबांनी गाडी थांबवली. रागावले नाहीत. "पोरी, तुझ्यावाचून अडत न्हाई. पण एकमत नसलं की वरचा साहेब का म्हणून विचारतो."

"मंग सांगा की त्यास्नी, का ते."

डिसेंबरात नोटीस आली. करुणा सलग सहा सभांना गैरहजर, तेव्हा सदस्यत्व का रद्द करू नये?

सुनावणीत बुक उघडलं. सहाही पानांवर आठ सह्या, तिची जागा कोरी. मी म्हणाले, आम्ही दोघी तिथंच होतो, सभाच भरली नाही. बापूसाहेबांच्या वकिलाने जुनी बुकं काढली.

"आजी, या साठ सह्या तुमच्या ना? या सभा तरी झाल्या होत्या?"

व्हय म्हटलं असतं तर बुक खरं ठरून करुणा खोटी पडली असती. मी म्हणाले, "न्हाई झाल्या."

"म्हणजे साठ वेळा खोटी सही करणाऱ्या बाईची ही साक्ष," वकील सुनावणी घेणाऱ्या साहेबांना म्हणाला.

करुणाने माझा हात धरून मला खाली बसवलं.

तिचं सदस्यत्व गेलं. आता ती कारेगावात खोली घेऊन राहते आणि कंपनीत पॅकिंगला जाते. मतदानालाही गावी येत नाही. तिच्या जागी आमच्याच वस्तीतली मोनाली बिनविरोध आली. ती घरीच सही करते, आणि मी तिला काही म्हणत नाही. म्हस्कू रिटायर झाला, मागच्या वर्षी वारला. मी मातीला गेले होते. बापूसाहेबांना गुडघे दुखतात, पंचायत आता मुलगा पृथ्वीराज बघतो. रस्ता झाला. आमच्या माणसांना अग्नी द्यायला ओढ्याकडची पट्टी ठेवली आहे. पावसाळ्यात तिथं पाणी चढतं. मला शहात्तरावं लागलं आहे.